हरणाचे वांटे

संस्कृतांतील ‘मृग’ या शब्दाचा मूळ अर्थ हरीण असा नव्हता. रानांत हिंडणारें कोणतेंहि जनावर म्हणजे मृग. म्हणूनच सिंहास मृगेंद्र व वानरास शाखामृग म्हणतां आलें, आणि शिकारीस ‘मृगया’ हें नांव मिळालें. पुढें ज्या जनावराचा पाठलाग राजेलोक विशेष आवडीनें करीत, त्या एकालाच तें नांव चिकटून राहिलें. गंमत अशी कीं, इंग्रजी भाषेंतहि नेमकें हेंच घडलें आहे. ‘डिअर’ हा शब्द जुन्या इंग्रजींत कोणत्याहि पशूस लागत असे; त्याचा जर्मन भाऊबंद ‘टीअर’ आजहि त्याच व्यापक अर्थानें वापरला जातो. ‘व्हेनिसन’ या शब्दाचीहि हीच कथा. लॅटिनमधील ‘शिकार करणें’ या अर्थाच्या धातूपासून तो निघाला, एके काळीं रानडुकराच्या मांसासहि तो लागे, आणि आज तो हरणाच्या मांसापुरता उरला आहे.

हरीण कसें हेरलें, कसें पळविलें, कसें मारलें याविषयीं युरोपांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मारलेल्या हरणाचें पुढें काय होई, त्यास सुरी कोण लावी आणि कोणाच्या पदरांत काय पडे, हा विषय मला अधिक बोलका वाटतो. कारण शिकारींत दैवाचा भाग मोठा असतो, वांटणींत मात्र सारें माणसाचेंच असतें. ज्यांच्या घरांत मांस शिजत नाहीं अशा वाचकांनीं विषय अमंगळ म्हणून पान उलटूं नये. येथें पाककृति सांगावयाच्या नाहींत.

इ. स. १०६६ त नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें आणि त्या देशांतील हरणें राजाचीं झालीं. ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा आज आपण झाडी असा अर्थ करतों. तेव्हांच्या कायद्यांत तसा तो नव्हता. राजाच्या शिकारीसाठीं देशाच्या सामान्य कायद्यांतून वेगळा काढलेला मुलूख म्हणजे फॉरेस्ट. त्यांत दाट रानें होतीं तसे ओसाड माळ होते, गांवें होतीं, लोकांचीं शेतेंहि होतीं. शेत कुणब्याचें असे. त्यांत शिरून पीक खाणारें हरीण राजाचें असे. १८७८ च्या कायद्यानें आमच्याकडे जीं रानें राखीव झालीं, त्यांच्या कडेला राहणाऱ्या गांवकऱ्यांस ही स्थिति फारशी समजावून सांगावी लागली नसती. विल्यम १०८७ त मेला तेव्हां एका इंग्रज बखरकारानें त्याच्या गुणदोषांचा हिशेब मांडला. त्यांत हरीण मारणाऱ्याचे डोळे काढण्याची त्यानें लावलेली शिक्षा नोंदली आहे, आणि राजास हरणांविषयीं बापाची माया होती असा टोमणाहि मारला आहे. फॉरेस्टच्या हद्दींत राहणाऱ्यांच्या मोठ्या कुत्र्यांच्या पुढल्या पायाचीं तीन नखें छाटून टाकीत, म्हणजे त्यांस हरणामागें धांवतां येऊं नये.

एकशेंतीस वर्षांनीं, १२१७ त, लहानग्या तिसऱ्या हेन्रीच्या नांवानें जी वनसनद निघाली तिनें हा जाच बराच सैल केला. हरणापायीं कोणाचा जीव वा अवयव घेऊं नये. जबर दंड करावा, दंड देण्याची ऐपत नसल्यास एक वर्ष व एक दिवस कैदेंत ठेवावें, आणि त्यानंतरहि जामीन न मिळाल्यास देशाबाहेर घालवावें, असें तींत ठरलें. याच सनदेंत एक मोठें मौजेचें कलम आहे. बिशप, अर्ल किंवा बॅरन राजाच्या भेटीस जातांना फॉरेस्टमधून गेला, तर वनरक्षकाच्या देखत त्यानें एकदोन जनावरें मारण्यास हरकत नाहीं. वनरक्षक जवळ नसल्यास मात्र त्यानें शिंग फुंकावें, नाहीं तर ती चोरी दिसेल. म्हणजे कृत्य तेंच, बाण तोच; शिंग वाजलें कीं शिकार, न वाजलें तर चोरी. अर्थात् शिंग फुंकण्याची मुभा कुणब्यास नव्हती.

आतां सुरीकडे वळूं. गॉटफ्रीड फॉन स्ट्रासबुर्ग या जर्मन कवीनें १२१० च्या सुमारास ट्रिस्टनची कथा रचली. तींत नॉर्वेच्या व्यापाऱ्यांनीं पळवून नेलेला आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सोडून दिलेला पोरगेला ट्रिस्टन रानांतून चालला असतां मार्क राजाचे शिकारी त्यास दिसतात. त्यांनीं नुकतेंच एक मोठें हरीण पाडलें आहे आणि रानडुकरासारखे त्याचे चार तुकडे करण्याच्या तयारींत ते आहेत. तें पाहून ट्रिस्टनला राहवत नाहीं. तो त्यांस थांबवितो, बाह्या सारतो आणि हरणाचें कातडें कसें उतरावें, पुढचे पाय कसे सोडवावे, कोणता भाग अगोदर व कोणता मागून काढावा, हें सारें स्वतः करून दाखवितो. काळीज वगैरे निवडक भाग दुबेळक्या फांदीवर बांधून राजासाठीं वेगळे ठेवावे, आंतडीं त्याच कातड्यावर पसरून कुत्र्यांस द्यावीं, हें शिकवितो. शेवटीं दरबाराकडे जातांना शिंगें पुढें, मागून छाती, मग खांदे व बरगड्या, अशा क्रमानें स्वारांस चालवून तो त्या तुकड्यांचें जणूं पुन्हां हरीण उभें करतो. आपण व्यापाऱ्याचा मुलगा अशी थाप त्यानें मारलेली असते; शिकारी मात्र चकित होतात, कारण व्यापाऱ्याच्या घरीं असला हात घडत नाहीं. ट्रिस्टनचें कुळ त्याच्या सुरीवरून उघडें पडतें, आणि त्या एका कसबावर तो राजाचा मुख्य शिकारी होतो. पुढें इंग्लंडांत शिकारीची सारी परिभाषा या ट्रिस्टननेंच घालून दिली, असा समज रूढ झाला. मॅलरीनें १४७० च्या सुमारास पुऱ्या केलेल्या आर्थरकथांतहि तो आढळतो.

ही झाली कविकल्पना. प्रत्यक्ष काम कसें चाले याचें सर्वांत नेटकें वर्णनहि एका काव्यांतच मिळतें, हा योगायोगच म्हणावयाचा. ‘सर गवेन आणि हिरवा सरदार’ हें चौदाव्या शतकाच्या अखेरचें इंग्रजी काव्य एका एकुलत्या हस्तलिखितांत उरलें आहे, आणि त्याच्या कर्त्याचें नांव कोणास माहीत नाहीं. त्यांतील किल्लेदार नाताळानंतरच्या दिवसांत शिकारीस जातो. मोसम नरांचा नसल्यामुळें नर सोडून माद्या मारतो. आणि मग कवि थांबून, एखादा कारागीर दुसऱ्याचें काम पाहतो तशा बारकाईनें, फाडण्याचा क्रम सांगत जातो. प्रथम परीक्षा. छातीवर एक चीर देऊन चरबी किती आहे तें बोटांनीं मोजीत; त्या दिवशीं सर्वांत रोडक्या जनावरावरहि दोन बोटें भरली. मग गळ्याच्या खळगींत छेद घेऊन अन्ननलिका मोकळी करावयाची, खरवडून स्वच्छ करावयाची आणि तिला गांठ मारावयाची. मग खूर छाटून कातडें सोलावयाचें. त्यानंतर पोट उघडावयाचें व आंतडीं बाहेर घ्यावयाचीं. श्वासनलिका वेगळी करावयाची. खांदे लहानशा छेदांतून असे अलगद काढावयाचे कीं बरगड्यांची बाजू अखंड राहिली पाहिजे. मग छाती फोडावयाची, पाठीच्या कण्याला धरून असलेलें मऊ मांस व आंतले अवयव सोडवावयाचे, डोकें व मान उतरावयाची, आणि शेवटीं दोन्ही बाजू कण्यापासून अलग करावयाच्या.

यांत थाटमाट दिसतो. परंतु त्याच्या तळाशीं रोकडें व्यवहारज्ञान आहे. हरीण हें रवंथ करणारें जनावर. त्याच्या कोठ्यांत अर्धवट आंबलेला चारा भरलेला असतो, आणि जनावर मेलें तरी तो चारा आंबण्याचें थांबत नाहीं. पोट फुगूं लागतें, आंतली ऊब मांसांत मुरते, आणि थोड्याच वेळांत मांसास वास येतो. म्हणून पोट जागच्या जागींच रिकामें करावें लागतें. अन्ननलिकेस गांठ न मारतां ती ओढली, तर कोठ्यांतला पाला उलटून साऱ्या मांसावर सांडतो. पोटाचा छेद याहून जोखमीचा. सुरीचें टोंक जराहि खोल गेलें तर कोठा किंवा आंतडें फुटतें. म्हणून जाणता मनुष्य कातडें दोन बोटांनीं वर उचलून धरतो, पात्याची धार वरच्या अंगास ठेवतो आणि बोटांच्या आडोशानें सुरी पुढें सरकवितो. मूत्राशयाजवळ तर त्याहून सावध राहावें लागतें. या कामास लांब पातें अडचणीचें होतें, कारण पुढचा अर्धा भाग हात आंत घालून, न पाहतां, केवळ स्पर्शानें करावयाचा असतो. यासाठीं लहान आंखूड सुरी निराळी आणि हाडें तोडण्याचा जड, रुंद पात्याचा सुरा निराळा, अशी सोय असे; श्रीमंत शिकाऱ्यांसाठीं हीं सर्व हत्यारें एकाच नक्षीदार म्यानांत बसवून देत, आणि तसले जुने संच युरोपच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. स्कॉटलंडच्या डोंगरांत हरीण पाडल्यावर आजहि तेथेंच त्याचें पोट साफ करतात, आणि त्या कामास आंतड्यांच्या गेलिक नांवावरून ‘ग्रॅलॉक’ म्हणतात. बंदूक आली, पण त्या पहिल्या छेदाची रीत बदलण्याचें कारण पडलें नाहीं.

हें ज्ञान मूळचें कोणाचें? सरदारांचें खास नव्हे. दुसरा ड्यूक ऑफ यॉर्क एडवर्ड यानें १४०६ ते १४१३ च्या दरम्यान इंग्रजींत शिकारीवर ग्रंथ सिद्ध केला. त्यांतील बराचसा भाग फ्रान्समधील फ्वाचा काउंट गॅस्टन फीबस याच्या १३८७ त आरंभिलेल्या प्रसिद्ध ग्रंथाचें भाषांतर आहे. (राजांनीं व राजवंशीयांनीं शिकारीवर लिहावें ही रीत युरोपापुरतीच नव्हती, कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लासां’त मृगयेस राजाच्या विनोदांत स्थान दिलें आहे.) हा एडवर्ड १४१५ त आझँकूरच्या लढाईंत पडला. हरीण फाडण्याचें काम हें वस्तुतः रानांत राबणाऱ्या माणसाचें कसब आहे, पण शिकाऱ्यास तें येत असल्यास त्याला शोभतें, अशा आशयाचें तो प्रांजळपणें लिहितो. हा प्रांजळपणा पुढें टिकला नाहीं. रानकऱ्याचें कसब सभ्यपणाची खूण होऊन बसलें. त्याची भाषा इतकी काटेकोर झाली कीं हरणास ‘कापणें’ म्हणणारा गांवढळ ठरूं लागला. जर्मन दरबारांत तर शिकारीचा शब्द चुकीचा वापरणाऱ्यास मेलेल्या हरणावर पालथा घालून, शिकारी सुऱ्याच्या रुंद पात्यानें त्याच्या पार्श्वभागावर तीन सपाटे देत.

वांटणीचेहि नियम तितकेच पक्के. मागच्या मांड्या व पाठीचें मांस धन्याचें. खांद्यांपैकीं एक वनरक्षकाचा आणि एक हरीण फाडणाऱ्याचा किंवा उत्तम शिकाऱ्याचा. डावा कोणाचा व उजवा कोणाचा हेंहि ग्रंथकारांनीं ठरवून ठेवलेलें होतें. कुत्र्यांस रक्तांत बुडविलेली भाकरी व आंतडीं, तींहि त्याच हरणाच्या कातड्यावर. या प्रकारास फ्रेंचमध्यें ‘क्यूरे’ म्हणत, आणि चामड्याच्या फ्रेंच नांवाची छाया पडून त्यापासूनच इंग्रजींतील ‘क्वॉरी’, म्हणजे सावज, हा शब्द झाला. सर्वांत लक्षांत राहतो तो डोमकावळ्याचा वांटा. छातीच्या हाडाच्या टोंकाशीं असलेला कूर्चेचा लहानसा तुकडा झाडावर फेंकीत किंवा झुडपांत टाकीत, आणि तो कावळ्याचा हक्क समजत. आमच्याकडे काकबलि पितरांसाठीं ठेवतात; इंग्लंडांतील हा तुकडा कशासाठीं ठेवीत याविषयीं ग्रंथ कांहीं सांगत नाहींत, इतकेंच कीं ठेवावयाचा असतो. धन्यापासून कावळ्यापर्यंत सर्वांचे वांटे निघत. ज्याच्या शेतांत तें हरीण चरलें त्याचा वांटा मात्र या यादींत नाहीं.

या सोहळ्याची सर्वांत मर्मभेदक टवाळी इरॅस्मसनें केली आहे. १५११ त छापलेल्या ‘मूर्खपणाची स्तुति’ या लॅटिन पुस्तकांत तो म्हणतो त्याचा भावार्थ असा: बैल किंवा मेंढा कोणीहि सोम्यागोम्यानें कापावा, हरणास मात्र कुलीन मनुष्याचाच हात लागला पाहिजे. त्यानें टोपी काढावी, गुडघे टेकावे, या कामासाठींच राखलेलें हत्यार घ्यावें आणि ठराविक अवयव ठराविक क्रमानें छेदावे. भोंवतीं जमलेली मंडळी हजारदां पाहिलेलें हें दृश्य एखादा नवा धर्मविधि चालल्यासारखें तटस्थपणें पाहत राहते. मला यांत इरॅस्मसची थट्टा जितकी खरी वाटते तितकीच त्याची निरीक्षणशक्तीहि. हत्येस विधीचें रूप दिलें कीं हत्या करणाऱ्यास आपण खाटीक नव्हे, ऋत्विज आहों असें वाटूं लागतें. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’ नाटकांतील ब्रूटस आपल्या साथीदारांस नेमका हाच भेद समजावतो; आणि पुढें त्या प्रेताशीं उभा राहून अँटनी सीझरला हरणाची व मारेकऱ्यांस शिकाऱ्यांची उपमा देतो. शिकारीचे विधि ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिले होते अशा प्रेक्षकांस ती उपमा केवढी झोंबली असेल!

टवाळीनें विधि थांबला नाहीं. १५७५ त लंडनमध्यें छापलेल्या एका शिकारग्रंथांत (पूर्वीं तो टर्बरव्हिलच्या नांवावर मोडत असे, आतां जॉर्ज गॅस्कॉइन हा त्याचा कर्ता मानतात) एक ठसाचित्र आहे. हरीण उताणें पडलें आहे, मुख्य शिकारी गुडघे टेकून सुरी पुढें करीत आहे, आणि पहिली परीक्षेची चीर देण्यासाठीं राणी एलिझाबेथ उभी आहे. राणी १६०३ त वारली. १६११ त ग्रंथ पुन्हां छापला तेव्हां चित्रांतील राणी काढून तिच्या जागीं जेम्स राजा बसविण्यांत आला.

परंतु हीं चित्रें व काव्यें वाचून, राजवाड्यांतील सारें मांस असेंच मंत्रतंत्रानें येत असेल असें समजणें चुकीचें होईल. तिसऱ्या हेन्रीनें १२५१ चा नाताळ यॉर्क येथें साजरा केला, त्या एका मेजवानीसाठीं चारशेंहून अधिक तांबडीं हरणें मागविलीं होतीं. एवढीं हरणें शिंगें फुंकून आणि टोप्या काढून कोण फाडणार? राजाचे पगारी शिकारी निरनिराळ्या फॉरेस्टमध्यें पाठवीत. ते जनावरें मारीत, फाडीत, तेथेंच मांसास मीठ लावीत आणि पिंपांत भरून दरबाराकडे रवाना करीत. त्यांच्या सुरीवर कोणीं काव्य रचलें नाहीं. या मांसास बाजारांत उजळ माथ्यानें भाव नसे. तें राजानें द्यावें, सरदारानें द्यावें आणि घेणाऱ्यानें तें कृपेचें चिन्ह म्हणून मिरवावें, अशी रीत होती. म्हणूनच चोरून मारलेल्या हरणाचा राग पिकाच्या किंवा पैशाच्या चोरीहून वेगळा असे. चोरानें मांस नेलें याहून त्यानें दुसऱ्याची देणगी देण्याची सत्ता नेली, हें धन्यास अधिक सलत असे.

आणि चोरास तरी सुरी धरतां येत नव्हती काय? रात्रीं, घाईंत, कंदील न लावतां ज्यास हरीण साफ करावें लागे त्याचा हात दरबारी माणसाच्या हाताहून कमी सराईत असणें शक्य नव्हतें. किंबहुना पुष्कळदां दोन्ही हात एकाच गांवांतले असत. वनरक्षकांवरच चोरीचे आरोप आल्याचीं उदाहरणें वनन्यायालयांच्या दप्तरांत कमी नाहींत. १२१७ त जीव घेण्याची जी शिक्षा उठली ती पांचशें वर्षांनीं परत आली, हें या इतिहासांतील सर्वांत कटु पान. विंडसरचें रान व हँपशायरचा प्रदेश या भागांत तोंडास काजळी फांसून हरणें मारणाऱ्या टोळ्यांचा बोभाटा झाला, आणि १७२३ त पार्लमेंटनें ‘ब्लॅक ॲक्ट’ केला. शस्त्र घेऊन व तोंड काळें करून रानांत किंवा हरणांच्या कुरणांत सांपडणाऱ्यास फांशी, अशा धर्तीचे पन्नासांच्या आसपास गुन्हे त्या एका कायद्यांत गोंवले होते. एडवर्ड थॉम्पसन या इतिहासकारानें १९७५ त या कायद्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि हरणांच्या आड खरी लढाई सरपण, चराई, माती व मासे यांवरील गांवकऱ्यांच्या जुन्या हक्कांची होती हें दाखवून दिलें. कायद्याचा मुख्य भाग १८२३ त रद्द झाला; म्हणजे शंभर वर्षें तो पुस्तकांत होता.

ग्रंथांत लिहिलेले वांटे खरोखर तसे पडत होते काय, अशी शंका कोणीहि घेईल; मीहि घेतली असती. तिचें उत्तर अलीकडे उकिरड्यांनीं दिलें आहे. इंग्लंडांतील मध्ययुगीन वाड्यांच्या व घरांच्या जागीं सांपडलेलीं हाडें मोजून नेओमी साइक्स या संशोधिकेनें २००७ त जें मांडलें तें असें: श्रीमंतांच्या वस्त्यांत हरणाच्या मागच्या पायांचीं हाडें भरपूर मिळतात; वनरक्षकांच्या राहण्याच्या जागीं पुढच्या पायांचीं, आणि त्यांतहि एका बाजूचीं अधिक. डावें-उजवें हा पंडितांचा शब्दच्छल नव्हता तर.

राहिला तो आंतल्या अवयवांचा वांटा. पाठीच्या आंतल्या बाजूचें मांस व काळीज वगैरे यांस इंग्रजींत पूर्वीं ‘नंबल्स’ म्हणत. ‘अ नंबल’ चें ऐकतां ऐकतां ‘ॲन अंबल’ झालें, आणि त्यांच्या सारणाच्या पावास ‘अंबल पाय’ नांव मिळालें. पुढें ‘हंबल’, म्हणजे दीन, या अगदीं वेगळ्या शब्दाशीं त्याची गांठ पडून मान खालीं घालणें, चूक कबूल करणें या अर्थाचा एक वाक्प्रचार इंग्रजींत रूढ झाला. शिंप्याचा मुलगा असून आरमाराच्या कचेरींत वर चढलेला सॅम्युएल पीप्स ८ जुलै १६६३ च्या आपल्या रोजनिशींत लिहितो कीं, मिसेस टर्नर घरीं आल्या आणि भट्टींतून नुकताच काढलेला गरम अंबल पाय घेऊन आल्या. तें हरीण कोणीं मारलें, कोणत्या रानांतलें, आणि त्याच्या मांड्या कोणाच्या ताटांत गेल्या, याची त्यानें चौकशी केलेली दिसत नाहीं.